बिलातील सरकारचा वाटा आणि कंपनीचा आकार

दहा रुपयांचे टॉप-अप केले असता मोबाइलच्या खात्यात ७ रुपये ४७ पैसे जमा होतात, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु उरलेले २ रुपये ५३ पैसे कोणी आणि कोणत्या हक्काने ठेवून घेतले, याची विचारपूस करणारा ग्राहक विरळाच. रक्कम क्षुल्लक म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि त्या दुर्लक्षाची सवय पुढे हजार रुपयांच्या बिलापर्यंत आपली सोबत करते. वास्तविक त्या अडीच रुपयांत दोन निरनिराळे घेणेकरी आहेत. १ रुपया ५३ पैसे हा वस्तू व सेवा कर, म्हणजे सरकारचा वाटा. आणि उरलेला एक रुपया हा कंपनीचा प्रक्रिया-आकार, म्हणजे रिचार्ज जमा करून देण्याची तिची फी. पहिल्या रकमेबद्दल कंपनीशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण तेथे ती सरकारच्या वतीने केवळ वसुली करीत असते. दुसऱ्या रकमेबद्दल मात्र विचारण्याचा, तुलना करण्याचा, ती शक्य तेथे टाळण्याचा आणि प्रसंगी तक्रार गुदरण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. मोबाइलच्या आणि इंटरनेटच्या बिलातील प्रत्येक ओळ या दोहोंपैकी कोणत्या खात्यात पडते, एवढे ओळखता आले की त्या बिलाचे अर्धे गूढ उकलले असे समजावे.

टॉप-अपचा हिशेब थोडा पुढे नेऊन पाहण्यासारखा आहे. २० रुपयांना १४ रुपये ९५ पैसे, ५० रुपयांना ३९ रुपये ३७ पैसे, १०० रुपयांना ८१ रुपये ७५ पैसे आणि १००० रुपयांना ८४४ रुपये ४६ पैसे असा टॉकटाइम मिळतो. प्रत्येक रकमेतून आधी १८ टक्के दराचा कर वेगळा काढला, तर कंपनीचा आकार लहान रकमांवर दहाव्या हिश्शाइतका असून तीन रुपयांपाशी येऊन थांबतो, हे या आकड्यांवरूनच दिसून येते. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. कर १८ टक्के म्हणजे शंभरातून १८ रुपये वजा, असे अनेकांना वाटते. पण छापील किंमत करासहित असेल तर मूळ किमतीवर १८ टक्के चढवून ती बनलेली असते, आणि म्हणून त्या रकमेला १८ ने गुणून ११८ ने भागले म्हणजे कराचा बिनचूक आकडा मिळतो. शंभराच्या टॉप-अपमध्ये तो १५ रुपये २५ पैसे भरतो. व्यवहारातले तात्पर्य इतकेच, की दहा-दहा रुपयांचे पाच टॉप-अप करणाऱ्यास ३७ रुपये ३५ पैसे मिळतात आणि पन्नासाचे एकच करणाऱ्यास ३९ रुपये ३७ पैसे. दोघांनी सरकारला दिले तितकेच, कंपनीला मात्र पहिल्याने दोन रुपये अधिक दिले. ज्याची मिळकत रोजच्या रोज हाती पडते, त्याच्यावरच हा आकार जड पडावा, ही या व्यवस्थेतील खटकणारी गोष्ट आहे.

ज्याच्याकडे मुदतीचा अनलिमिटेड प्लॅन आहे त्याला टॉप-अपची गरज परदेशी फोन करण्यासारख्या मोजक्या कारणांसाठीच पडते. परंतु त्या प्लॅनच्या किमतीतही कर असतोच, फक्त तो डोळ्यांस दिसत नाही. उदाहरणादाखल २९९ रुपयांचा प्रीपेड प्लॅन घ्या. त्यातील सेवेची किंमत २५३ रुपये ३९ पैसे आणि कर ४५ रुपये ६१ पैसे. मुदत २८ दिवसांची असेल तर वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा रिचार्ज करावे लागते, आणि वर्षाकाठी एका सिमकार्डामागे जवळजवळ ५९३ रुपये कराच्या रूपाने सरकारजमा होतात. या २८ दिवसांच्या ‘महिन्या’बद्दल ओरड झाल्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘ट्राय’ने, २०२२ साली प्रत्येक कंपनीला ३० दिवसांच्या मुदतीचा निदान एक प्लॅन आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने सुरू होणारा निदान एक प्लॅन ठेवणे भाग पाडले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे प्लॅन द्यावेत आणि विशेष व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकावी, असेही ठरविले. घरातील वृद्ध माणसाचा साधा बटनांचा फोन असेल तर या प्लॅनची चौकशी आवर्जून करावी. न वापरलेल्या डेटाची किंमत आणि त्या किमतीवरचा कर, दोन्ही वाचतात.

हा कर कोठून आला हे सांगण्यासाठी १९९४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना आपल्या देशात सेवाकर प्रथमच लागू झाला, आणि १ जुलै १९९४ पासून ज्या अवघ्या तीन सेवांवर तो बसला त्यांत शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा यांच्या जोडीला टेलिफोनही होता. दर होता ५ टक्के. त्या काळी टेलिफोन ही मध्यमवर्गाच्याही वरच्या थराची चैन होती, घरी तारेचा फोन यावा म्हणून लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसत, आणि म्हणून त्यावरचा कर कोणास फारसा बोचला नाही. पुढे दर चढत गेला, २००९ साली काही काळ खालीही उतरला, पण २०१५ मध्ये १४ टक्क्यांवर पोहोचला आणि त्यावर अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर व अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर चढून तो १५ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि १५ चे १८ झाले. मधल्या काळात, या सेवेवर आपणही विक्रीकर बसवावा अशी इच्छा असणाऱ्या राज्यांशी कंपन्यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने संदेश वाहून नेणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय लहरी म्हणजे विक्रीची वस्तू नव्हे, टेलिफोन ही सेवा आहे, असा निर्वाळा दिला. तो निर्णय वेगळा लागता तर आपल्या बिलांत तेव्हा आणखी एक ओळ ठाण मांडून बसली असती.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीनंतर दरांचे टप्पे मुख्यतः ५ आणि १८ असे दोनच राहिले आणि नित्याच्या पुष्कळ वस्तू ५ टक्क्यांत आल्या. टेलिफोन आणि इंटरनेट मात्र १८ वरच राहिले. ज्या सेवेवाचून आज शाळाप्रवेशाचा अर्ज भरता येत नाही, पीकविम्याची नोंद होत नाही आणि बँकेचा ओटीपी येत नाही, तिला १९९४ मधील चैनीच्या वस्तूंच्या पंगतीत अजून बसवून ठेवणे मला तरी न्याय्य वाटत नाही. पण हा वाद संसदेत आणि परिषदेत घालावयाचा. बिल भरण्याच्या खिडकीशी नव्हे.

प्रीपेड आणि पोस्टपेड यांची तुलना करताना ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते ती जाहिरातीतील आकड्यांमुळे. प्रीपेडची किंमत सामान्यतः करासहित सांगतात, पोस्टपेडची आणि घरच्या फायबर-ब्रॉडबँडची मात्र कर वगळून. त्या मोठ्या आकड्याच्या पायाशी बारीक अक्षरांत ‘अधिक जीएसटी’ असे लिहिलेले असते. ३९९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन प्रत्यक्षात ४७० रुपये ८२ पैशांना पडतो, म्हणजे ४५० रुपयांच्या प्रीपेडहून तो महाग आहे, हे जाहिरातींचे फलक शेजारी-शेजारी ठेवून पाहणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही. तेव्हा कोणत्याही दोन सेवा तोलण्यापूर्वी दोन्ही आकडे करासहित करून घ्यावेत, मुदत दिवसांत मोजावी आणि मगच रोजचा खर्च काढावा. सवलतीच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. कंपनीने बिलातच सूट दिली तर कर त्या कमी झालेल्या रकमेवर बसतो. पैसे भरण्याच्या ॲपने मागाहून कॅशबॅक दिला तर कर पूर्ण रकमेवर गेलेला असतो.

घरी ब्रॉडबँड जोडून घेताना मासिक आकाराखेरीज जोडणीचा खर्च, राउटरचे भाडे किंवा अनामत, आणि क्वचित कायमच्या आयपी पत्त्याची फी अशा रकमा पुढे येतात. या सर्व कंपनीच्या मागण्या आहेत, सरकारच्या नव्हेत. प्लॅन सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा घेतल्यास जोडणीचा खर्च माफ करण्याची तयारी कंपन्या अनेकदा दाखवितात, म्हणून तो विचारल्यावाचून भरू नये. अनामत रकमेविषयी कायदा स्पष्ट आहे: परत मिळावयाची अनामत ही सेवेची किंमत नव्हे, आणि ती थकबाकीत वळती करून घेतली जाईपर्यंत तिच्यावर कर लागत नाही. राउटरच्या ‘अनामती’च्या पावतीवर १८ टक्के कर लावलेला दिसला, तर एक तर पावती चुकली आहे किंवा ती रक्कम परत मिळणारी नाही, यांतील खरे काय ते तेथल्या तेथे लेखी विचारून घ्यावे. उलटपक्षी, बिल मुदतीत न भरल्यास जो विलंब-आकार बसतो त्याच्यावर मात्र कर लागतो, कारण उशिराबद्दलचे व्याज, फी अथवा दंड हे सर्व कायद्याने सेवेच्या मूल्यातच धरले जाते. शंभर रुपयांचा दंड म्हणून ११८ रुपयांचा होतो, आणि त्यातले शंभर कंपनीकडे व अठरा सरकारकडे जातात.

बिलावर कराच्या सहसा दोन ओळी असतात: ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. ‘राज्य’ म्हणजे येथे कोणते, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. दूरसंचार खात्याच्या विभागणीत महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ आहे, मुंबईचे परिमंडळ निराळे आहे. कराला मात्र ही विभागणी मान्य नाही. पणजीच्या ग्राहकाचा राज्यकर गोव्याच्या खजिन्यात जातो, दादरच्या आणि गडचिरोलीच्या ग्राहकाचा महाराष्ट्राच्या. तारेच्या किंवा फायबरच्या जोडणीला ती जेथे बसविली ते स्थळ, आणि पोस्टपेड मोबाइलला कंपनीच्या दप्तरी नोंदलेला बिलाचा पत्ता हे प्रमाण धरले जाते. घरगुती ग्राहकाला याने काही फरक पडत नाही. परंतु रत्नागिरीच्या पत्त्यावर पोस्टपेड क्रमांक ठेवून बंगळुरात नोंदणीकृत व्यवसाय करणाऱ्या माणसाला पडतो, कारण महाराष्ट्रात आकारलेला केंद्र-राज्य कर त्याला कर्नाटकातील नोंदणीवर वळता करून घेता येत नाही. त्याने बिलाचा पत्ता बदलून घ्यावा, हे उत्तम.

वळता करून घेण्याचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लहान दुकानदार, छायाचित्रकार, शिकवणीचे वर्ग चालविणारे आणि घरून काम करणारे सल्लागार यांतील कितीतरी नोंदणीकृत मंडळी हा हक्क हकनाक सोडून देतात. जीएसटी नोंदणी असलेल्याला व्यवसायासाठी वापरलेल्या मोबाइलवरचा आणि इंटरनेटवरचा कर आपल्या विक्रीवरील करातून वजा मिळतो. दरमहा ७९९ रुपयांच्या ब्रॉडबँडवर १४३ रुपये ८२ पैसे कर धरला, तर वर्षाला ही रक्कम १,७२५ रुपयांच्या घरात जाते. अट अशी, की जोडणी व्यवसायाच्या नावे असावी आणि आपला जीएसटी क्रमांक (महाराष्ट्रात त्याचे पहिले दोन अंक २७ असतात, गोव्यात ३०) कंपनीकडे आगाऊ नोंदवावा, म्हणजे तो बिलावर छापून येतो आणि आपल्या जीएसटीआर-२बी या विवरणात ते बिल उमटते. ते तेथे उमटले नाही तर कागदी बिल हाती असूनही वजावट अडते. घरच्या आणि धंद्याच्या वापराची सरमिसळ असेल तर धंद्याच्या हिश्शाचीच वजावट घ्यावी. आणि ज्यांनी कंपोझिशन योजना पत्करली आहे त्यांना ही सवलत मुळीच नाही.

आतापर्यंत जो पाहिला तो सरकारचा उघड वाटा झाला. आणखी एक वाटा प्लॅनच्या किमतीत मुरलेला असतो. १९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्या आपल्या महसुलाचा हिस्सा परवाना-शुल्क म्हणून केंद्राला देत आल्या आहेत. आज तो समायोजित स्थूल महसुलाच्या ८ टक्के आहे, आणि त्यातील ५ टक्के दुर्गम भागांत सेवा पोहोचविण्यासाठी पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे आताच्या ‘डिजिटल भारत निधी’त, जातात. शिवाय स्पेक्ट्रमच्या लिलावाचे हप्ते, आणि मनोऱ्यांवरचा मालमत्ता कर, जो बसविण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केला. मुंबईच्या वेशीवरची जकात १ जुलै २०१७ पर्यंत जशी ट्रकवाला नाक्यावर भरीत असे आणि ती किराणा मालाच्या भावातून शेवटी गृहिणीकडून वसूल होत असे, तसाच हा प्रकार. २९९ रुपयांच्या त्या प्लॅनमधील २५३ रुपयांतून ढोबळ मानाने वीस रुपये या वाटेने पुन्हा सरकारकडे जातात. हे शुल्क देणे कंपनीच्या शिरी आहे आणि आपल्याकडे ते ग्राहकाच्या बिलात स्वतंत्र ओळीने मांडण्याची प्रथा नाही. म्हणून ‘परवाना’, ‘नियामक’ किंवा ‘स्पेक्ट्रम’ अशा नावाची एखादी ओळ बिलात दिसली, तर ती कशाच्या आधारे लावली याचा खुलासा मागावा.

अमेरिकेत मुलाबाळांकडे राहावयास जाणाऱ्या, अथवा तेथेच स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना याच्या नेमका उलट अनुभव येतो. तेथे इंटरनेट जोडणीवर कर लावण्यास १९९८ च्या कायद्याने मनाई केली आणि २०१६ मध्ये ती कायमची झाली. पण मोबाइलच्या बोलण्याच्या भागावर राज्याचे, स्थानिक संस्थांचे, आपत्कालीन ९११ सेवेचे आणि सार्वत्रिक सेवा निधीचे आकार एकाखाली एक येतात. त्यांच्यातच ‘नियामक खर्चवसुली’ अशा भारदस्त नावाने कंपनीची स्वतःची फीही उभी असते. नाव सरकारी वळणाचे, पैसा मात्र कंपनीचा.

आपल्याकडेही सरकारी वळणाच्या नावांचा मोह अलीकडे वाढला आहे. पैसे भरण्याच्या काही ॲपवर रिचार्जमागे रुपया-दोन रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ घेतात. तो कर नव्हे, आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून रिचार्ज केल्यास ती बहुधा टळते. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलताना पोर्टिंगचा आकार ट्रायने ठरविल्याप्रमाणे ६ रुपये ४६ पैसे इतका अल्प आहे. त्यासाठी कोणी शंभर रुपये मागू लागला तर त्याला सरळ नकार द्यावा. न मागता सुरू झालेल्या गाण्याच्या, ज्योतिषाच्या किंवा खेळांच्या सेवांपायी बॅलन्स झिजत असेल तर १५५२२३ या विनाशुल्क क्रमांकावरून त्या बंद करता येतात. प्रीपेड ग्राहकाला बिल येत नाही, म्हणून त्याला हिशेब मागता येत नाही, हा समज चुकीचा आहे: मागील सहा महिन्यांतील वापराचा कलमवार तपशील कंपनीने ५० रुपयांपर्यंतच्या आकारात दिला पाहिजे.

तक्रारीचा मार्ग क्रमाने चालावा. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, म्हणजे १९८ वर, तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक लिहून घ्यावा. या क्रमांकावाचून पुढची कोणतीही पायरी चढता येत नाही. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे. त्याला फी नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, म्हणून तेथे अर्ज करून वेळ दवडू नये. ग्राहक मंत्रालयाची १९१५ ही मदतवाहिनी मध्यस्थी करते, आणि तेथेही निभाव न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. टेलिफोनचे तंटे ग्राहक मंचाकडे नेता येत नाहीत, असा युक्तिवाद कंपन्या वर्षानुवर्षे करीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आहे. तक्रार लिहिताना ‘बिल जास्त आले’ अशी मोघम भाषा टाळून कोणती ओळ, किती रक्कम, कोणत्या तारखेची आणि ती का अमान्य, एवढे चारच मुद्दे मांडावेत. कराच्या ओळीवरही आक्षेप घेता येतो, पण तो दरावर नव्हे. चुकीच्या रकमेवर कर काढला असेल तर.

शेवटी एका फसवणुकीविषयी सावध करणे आवश्यक आहे, कारण तिचे बळी बहुतांशी गावाकडचे जमीनधारक असतात आणि तिचे हत्यार नेमके ‘सरकारी कर’ हेच असते. तुमच्या शेतात किंवा गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवितो, लाखो रुपये आगाऊ आणि दरमहा भरघोस भाडे देतो, असा फोन अथवा ट्रायच्या शिक्क्याचे पत्र येते. आणि करार होण्यापूर्वी जीएसटी, ना-हरकत दाखल्याची फी किंवा नोंदणी-शुल्क म्हणून काही हजार रुपये अमुक खात्यात भरण्यास सांगितले जाते. ट्राय किंवा दूरसंचार खाते टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात कोणत्याही प्रकारे पडत नाही आणि त्यासाठी कसलाही कर वा फी घेत नाही, हे दोन्ही संस्थांनी वारंवार जाहीर केले आहे. जागा देणाऱ्याला भाडे मिळावयाचे असते, त्याने ते मिळविण्यासाठी आधी पैसे भरण्याचे कारणच नाही. असा फोन आला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत त्याची नोंद करावी. पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या सायबर-गुन्हे मदतवाहिनीवर कळवावे आणि आपल्या बँकेला त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.